बॅग उघडायची संध्याकाळ

लाल ठिपका लागला, विझला, पुन्हा लागला. बुटाच्या टाचेत, पारदर्शक रबराच्या आत, चण्याएवढा दिवा... अहिल्यानं बूट जमिनीवर आपटला म्हणून तो लागला होता. तीन वर्षं बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून पडलेला बूट, आणि आतली बॅटरी अजून जिवंत. तिनं दुसरा आपटला. तो लागला नाही. मग पहिला पुन्हा आपटला — जरा हळू, कारण खालच्या मजल्यावरचा माणूस शनिवारी सकाळी झोपलेला असतो — आणि दिवा लागला तेव्हा तिला उगाचच बरं वाटलं. शार्दूलसाठी घेतले होते. शार्दूल म्हणजे धाकट्या भावाचा, संजयचा मुलगा, तिचा एकुलता एक भाचा. बूट घेतले तेव्हा चार वर्षांचा. अंधारात गल्लीतून तो पळतोय आणि नुसते दोन लाल ठिपके पळताना दिसताहेत, हे तिनं दुकानातल्या रांगेत उभ्या उभ्या स्पष्ट पाहिलं होतं, आणि पैसे देऊन मोकळी झाली होती. आता तो सात वर्षांचा आहे. या बुटात त्याची बोटंसुद्धा जायची नाहीत.

बूट बाजूला ठेवले. बाजूला म्हणजे कुठे, हाही प्रश्नच होता. दोन मोठ्या चाकांच्या बॅगा गालिच्यावर आ वासून पडल्या होत्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं पलंगावर, खुर्चीवर, तिच्या मांडीभोवती पसरलं होतं. सेंटच्या बाटल्या, साबणाच्या वड्या, हातरुमालांचे सेट, दाढीची यंत्रं, कॅल्क्युलेटर, पेनं, केसांच्या पिना, आणि स्वेटर — नागपूरला, जिथे वर्षातले नऊ महिने माणूस अंगातला सदरासुद्धा काढून टाकावा म्हणतो, तिथे न्यायला ढीगभर स्वेटर! यातलं जे परत करता येईल ते आज वेगळं काढायचं होतं. तीन महिन्यांच्या आत घेतलेलं दुकान परत घेतं, पावती असली तर. आणि आजच जायला हवं होतं, कारण न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ट्रॅव्हल एजंटनं, राकेशभाईंनी, डिसेंबरचं विमानाचं तिकीट फक्त आज संध्याकाळपर्यंत तिच्या नावानं धरून ठेवलं होतं, आणि तिच्या क्रेडिट कार्डावर तिकिटापुरती जागा नव्हती. जागा या बॅगांनी खाल्ली होती. बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेल्या, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत नोकरी करणाऱ्या बाईला समजायला पाच वर्षं लागावीत इतकं काही ते गणित अवघड नव्हतं.

तरी लागली. दर वर्षी बॅगा भरत गेल्या आणि दर वर्षी तिकीट राहिलं.

सकाळी उठल्या उठल्या तिनं घरी फोन लावला होता. तिकडे दिवेलागणीची वेळ. मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी टीव्हीवरच्या बातम्या. फोन संजयनं घेतला.

"जयभीम ताई. मी लावणारच होतो तुला. आईचं मोतीबिंदू नाही म्हणते डॉक्टर. काचबिंदू आहे."

"म्हणजे ऑपरेशन करावं लागेल?"

"ऑपरेशननं गेलेलं परत नाही येत नं, ताई. उजवा तर गेल्यातच जमा आहे. डाव्यात आहे थोडं. थेंब टाकून राहिलो आम्ही. पण किती दिवस टिकते ते डॉक्टर नाही सांगत." मग आवाज उतरवून, "तू या वेळी ये. आता नको टाळू."

टाळू. टाळणं हा शब्द तिला कधी सुचलाच नव्हता... मी टाळत होते? मी तर दर आठवड्याला जायची तयारी करत होते, आणि तयारीचा पुरावा हा, इथे, पलंगाखाली मावत नाही इतका. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन आईच्या हातात गेला होता.

"कोण, अहिल्या? येऊन राहिली नं या साली?"

"येतेय आई."

"मागल्या सालीबी हेच म्हटलं तू."

"या वेळी नक्की."

"ये मग. मले दिसते तोपर्यंत ये." आणि लगेच, आपण फार उघडं बोललो असं वाटून असेल, आईनं सूर बदलला. "काही आणू नको वं. सुमित्राले तेवढी एक शाल आण. मागल्या खेपेले तिले काही भेटलंच नव्हतं. अन् शीलाच्या पोरीचं लगन जमलं, तिले काही... तू पाहशील तसं. मी सांगून ठेवलं सगळ्यायले, अहिल्या येते म्हणून."

फोन ठेवला आणि अहिल्याच्या मनात पहिला विचार आला तो शालीच्या रंगाचा. डोळ्यांचा नंतर आला. मधे किती वेळ गेला कुणास ठाऊक, फार नसेल, पण आधी शाल आणि मग डोळे हा क्रम तिनं स्वतः पाहिला होता आणि आता तो विसरता येणार नव्हता. तिला स्वतःची किळस आली. आणि त्यातही हद्द ही, की बॅगेत सुमित्रामावशीसाठी चार शाली आधीच होत्या. चार. सकाळपासून उपसलेल्या ढिगातून त्या एकेक करून वर आल्या होत्या: तपकिरी, राखी, मोरपंखी आणि पुन्हा तपकिरी.

मावशी एकटी राहते कामठीला. दोनच खांदे आहेत तिला.

नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीतून परदेशात गेलेली अहिल्या पहिली. पहिली म्हणजे मुलांतसुद्धा पहिली. निघायच्या आधी विहारात तिचा सत्कार झाला होता, स्टेशनवर इतकी माणसं आली होती की टीसीला वाटलं कोणी पुढारी चाललाय. तिच्या गळ्यात इतके हार पडले की तिला समोरचं दिसेना, आणि त्या हारांआडून कुणी कुणी काय काय म्हणालं ते आजही ऐकू येतं — नाव काढ, पोरी. आमाले विसरू नको. चार वर्षांनी, एक्क्याण्णवच्या डिसेंबरात, ती पहिल्यांदा आणि आजवर शेवटची घरी गेली. त्या दिवशी संध्याकाळी बॅग उघडली गेली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. अशा संध्याकाळी बोलवावं लागत नाही. चहाच्या वेळेला जो तो 'सहज' येऊन टेकतो, तब्येतीची चौकशी करतो, विमानात जेवायला काय देतात ते विचारतो, आणि बॅगेकडे बघायचं नाही असं ठरवून बॅगेकडे बघतो. आई मधोमध चटईवर, बॅग पुढ्यात, किल्ली पदराच्या टोकाला. अमेरिकेला आईच जाऊन आली असावी असा तिचा एकूण थाट होता. एकेक वस्तू काढायची, उजेडात धरायची, नाव पुकारायची. हे तुझं. हे तुझ्या नवऱ्याचं. हे तुझ्या लेकराचं, वापर म्हणा, ठेवून नको देऊ. जन्मभर लोकांच्या शेतात राबून आणि पुढे शाळेत झाडूकाम करून हात पुढे करायची वेळ जिच्यावर आली ती बाई त्या संध्याकाळी देत होती, नुसती देत होती, आणि तिच्या तोंडावरचं ते तेज बघून अहिल्याला वाटलं होतं, चार वर्षांच्या थंडीचं चीज झालं.

मग सुमित्रामावशी आली. कामठीची बस चुकली म्हणून उशिरा. आईनं बॅगेत हात घातला, तळाशी फिरवला, आतल्या कप्प्याची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली... काही नव्हतं. अहिल्याची स्वतःची हाताला लावायची क्रीम होती, अर्धी वापरलेली, ती काढावी की नाही असा क्षणभर विचार करून आईनं ती तशीच राहू दिली. "राहू दे वं बाई," मावशी म्हणाली, "मी पोरीले पाहाले आली." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. या मावशीनं विड्या वळून अहिल्याच्या परीक्षेची फी भरली होती एकदा. फिकट जांभळं पातळ, त्यावर ठेवलेले ते दोन हात, तंबाखूनं पिवळी झालेली नखं — मिशिगनला परतताना अहिल्यानं पापड आणि लोणच्याबरोबर हे चित्रही आणलं, आणि पापड संपले, हे संपलं नाही.

पहिली शाल त्याच महिन्यात घेतली. मग वाटलं, मावशीला घेतली, शीलाकाकूंना नको? मग त्यांच्या मुलीला. मग गल्लीत नवीन सून आली असं संजयनं पत्रात लिहिलं, तिला. एकही माणूस उरता कामा नये. बॅगेत तळाशी हात फिरवायची वेळ आईवर पुन्हा येऊ द्यायची नाही. आणि यात उधळपट्टी कुठे होती? उधळ्या बायका स्वतःवर खर्च करतात. अहिल्याचा कोट सहा हिवाळे जुना होता. खुर्ची कुणीतरी रस्त्याकडेला टाकलेली, टेबल विद्यार्थ्यांच्या सेलमधलं. लॅबमध्ये डबा न्यायची, कॉफीसुद्धा विकत घेत नसे. मी माझ्यासाठी काय घेते? काही नाही. हे उत्तर इतकं खरं होतं की त्याच्या आडोशाला पाच वर्षं मजेत निघून गेली.

मजेत... बरं, मजा नव्हती असंही नाही. ॲन आर्बरला नोव्हेंबर लागला की पाच-साडेपाचलाच अंधारून येतं आणि शनिवार-रविवार खायला उठतात. लॅबमधली मंडळी आपापल्या घरी, जोडीदाराकडे, मुलांच्या खेळाच्या मॅचला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ती पूर्वी जायची. पण तिथे पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी आडनाव विचारायचं, आणि 'गजभिये' म्हटल्यावर पुढची पाच मिनिटं फारच गोड बोलायचं, आणि त्या गोडीचा तिला शीण यायचा. त्यापेक्षा मॉल बरा. आत उबदार, मंद गाणी, दारातली बाई रोज नव्यानं 'आज कशी आहेस?' विचारणारी. आणि मग कपड्यांच्या त्या लांबलचक रांगांमधून फिरताना एखाद्या फ्रॉकला हात लावला की अबोली येऊन उभी राहायची, शार्दूलची बहीण — हा नको आत्या, याची बाही टोचते. स्वेटरला हात लावला की संजय. शालीला हात लावला की मावशी. फार गडद आहे, मावशी घालायची नाही. हिला झालर आहे, विडीच्या पानांत अडकेल. तासच्या तास ती माणसं तिच्याबरोबर त्या दुकानात हिंडायची. पैसे देऊन झाले की पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसायची तेव्हाही ती असायची, वळणावळणावर थोडी थोडी कमी होत, आणि खोलीचं कुलूप उघडेपर्यंत कुणीच नसायचं. शाल असायची.

हे तिला कळत नव्हतं असं नाही. मधे रेडिओवर एका बाईनं सांगितलं होतं, खर्चावर ताबा हवा असेल तर क्रेडिट कार्ड पाण्यात घालून त्याचा बर्फ करा. वितळेपर्यंत मोह ओसरतो. अहिल्यानं दह्याच्या रिकाम्या डब्यात पाणी घेऊन कार्ड बुडवलं आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवलं. तीन आठवडे राहिलं. चौथ्या आठवड्यात हिवाळी सेल लागला आणि ती सिंकपाशी डब्यावर कोमट पाणी सोडत उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि त्या सबंध वेळात तिच्या मनात मोह आवरावा असा विचार एकदाही आला नाही. मोरपंखी घ्यावी का राखी, एवढाच आला. शेवटी दोन्ही घेतल्या.

परत करायची युक्ती हर्षिताची. हर्षिता पुण्याची, लॅबमध्ये पीएचडीला आलेली, पंचविशीची, सगळ्या प्रश्नांना उत्तर असतंच असं मानणारी. गुरुवारी डबा खाताना अहिल्या तिच्यापाशी कशी कोण जाणे बोलून गेली, की तिकीट परवडत नाहीये.

"ताई, सीरियसली? तुम्ही तर काहीच खर्च करत नाही." मग बॅगांचं ऐकल्यावर ती खायची थांबली. "अहो मग रिटर्न करा ना! इथे लोक वापरलेले शूज रिटर्न करतात यार. रिसीट आहे ना? मग गिल्टी कशाला वाटून घ्यायचं? आणि तिकडे आता सगळं मिळतं. माझी आई म्हणते काही आणू नकोस."

"माझीही म्हणते."

"मग झालं तर."

पुण्यातल्या आईनं म्हटलेलं 'आणू नकोस' आणि इंदोऱ्यातल्या आईनं म्हटलेलं 'आणू नको' यांत किती फरक आहे हे हर्षिताला सांगायला एक अख्खी दुपार लागली असती, आणि ती आपलीच लाज काढणं झालं असतं. अहिल्यानं डब्याचं झाकण लावलं.

दुपारच्या बसमध्ये ती दोन भरगच्च पिशव्या घेऊन चढली. नेहमी या बसनं ती रिकामी जायची आणि भरून यायची. झाडं बोडकी झाली होती, फुटपाथच्या कडेला पानांचे ओले ढीग, एक मुलगा सायकल हाकत चाललेला, कानटोपीतून वाफ सोडत. पिशवीत नव्वद दिवसांच्या आतलं सगळं होतं: सप्टेंबरातल्या सेलचे स्वेटर, शीलाकाकूंच्या मुलीसाठी घेतलेलं सेंट, संजयच्या दाढीचं यंत्र, त्याच्या बायकोची, भावनाची पर्स, अबोलीचे दोन फ्रॉक, आणि एक तपकिरी शाल. जुनं सगळं खोलीतच राहिलं. ते आता कुणीही परत घेणार नव्हतं.

काउंटरवरच्या बाईचा चष्मा साखळीनं गळ्यात लोंबत होता. ती घाईत नव्हती, कंटाळलेली नव्हती, एकेक वस्तू उचलून पावतीशी जुळवायची आणि विचारायची, "यात काही खराबी होती?"

"साइज," अहिल्या म्हणाली. फ्रॉक. दुसरा फ्रॉक. "साइज." स्वेटर. "साइज."

सेंटच्या बाटलीला साइज कसा सांगणार? "वास... आवडला नाही." शीलाकाकूंची मुलगी, जिचं लग्न आहे, जिला या बाटलीचा वास अजून मिळालेलासुद्धा नाही. बाईनं बाटली बाजूच्या टोपलीत टाकली. पर्स. भावनाच्या खांद्यावरून काढून घेतल्यासारखं झालं. मी काही चोरी करत नाहीये, माझंच आहे हे, मीच घेतलं होतं... पण एकेका वस्तूबरोबर चटईभोवतीचं एकेक माणूस उठून चाललं होतं, चहा अर्धा टाकून, काही न बोलता. संजय उठला. अबोली उठली. "आणि यात?" बाईच्या हातात शाल होती.

"काही नाही," अहिल्या म्हणाली. "त्यात काही खराबी नाही."

बाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ख्रिसमसच्या भेटी दिसतात. कुणी यायचं होतं का? रद्द झालं?"

"नाही. मीच चाललेय. घरी."

"मग तर हे लागेल ना तुला!" बाई हसून म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली. अहिल्याही हसली, आणि हसू चेहऱ्यावर जास्तच वेळ राहिलं. पैसे कार्डावर परत जातील, बाई सांगत होती. लगेच दिसतील, किंवा मंगळवार उजाडेल, मशीनचं काही सांगता येत नाही. मंगळवार. अहिल्याला आजची संध्याकाळ हवी होती.

रिकाम्या पिशव्या घडी करून पर्समध्ये घातल्या आणि ती निघाली. सार्वजनिक फोन मॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सगळं दुकान ओलांडून जायचं. नाकासमोर चालायचं असं तिनं ठरवलं होतं, पण शालींचं शेल्फ नाकासमोरच होतं. गडद जांभळी. झालर नाही. हात गेलाच. अंगठ्यानं पोत चोळला आणि सवयीनं मावशी आली — तेच फिकट पातळ, तेच मांडीवरचे हात. अगदी तशीच. अहिल्या थबकली. पाच वर्षांत मावशीचा एक केससुद्धा पिकला नव्हता. ती येत होती ती एक्क्याण्णवच्या त्या संध्याकाळचीच येत होती, अबोलीही सहा वर्षांचीच यायची, बाही टोचते म्हणणारी, आणि खरी अबोली या वर्षी सहावीत गेली असेल. मावशीला शाल कुठली शोभेल हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. मावशी अजून विड्या वळते का, तिचे गुडघे कसे आहेत, एकटीला रात्री भीती वाटते का, हे तिनं पाच वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. फोनवर ती मापं विचारायची. शार्दूलचं पाऊल केवढं झालं? भावनाला कुठला रंग? यात कुणाला वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. जी माणसं रोज तिच्याबरोबर दुकानात फिरत होती त्यांना ती ओळखत नव्हती, आणि जी नागपुरात होती त्यांनाही नाही. दुकानात गर्दी होती, नाताळची गाणी आतापासूनच सुरू झाली होती, आणि इतकं एकटं तिला कुठल्याच हिवाळ्यात वाटलं नव्हतं. तिनं शाल शेल्फवर ठेवली. त्यात संयम वगैरे काही नव्हता, तिला भीती वाटली होती.

"हां बेन, बोला," राकेशभाई म्हणाले. मुलुंडला वाढलेला गुजराती माणूस, मराठी झकास. "मी म्हटलं तुम्ही कॅन्सल केलं. पाच मिनिटांत सीट सोडणार होतो. बोला कार्डचा नंबर."

तिनं नंबर सांगितला.

"होल्ड करा हां. टाकून बघतो. सॅटरडे आहे, टाइम लागतो."

फोनमध्ये कसलीशी सतार वाजू लागली. अहिल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पैसे कार्डावर पोचले असतील की मंगळवारी पोचतील — आता तिच्या हातात काही नव्हतं, आणि हातात काही नाही म्हटल्यावर छातीतून जे वर आलं ते ओळखायला तिला क्षण लागला, कारण ती आशा होती आणि भलत्याच बाजूची होती. नाही म्हणू दे. मशीन नाही म्हणू दे. मग संजयला सांगता येईल, मी प्रयत्न केला रे, सगळं परत केलं, पण नाही जमलं. पुढच्या वर्षी नक्की. मग खोलीत जाऊन बॅगा पुन्हा भरता येतील... अग बाई. म्हणजे बॅगा जाण्यासाठी नव्हत्याच. भरतेय, भरतेय, अजून एक माणूस राहिलंय, म्हणून निघत नाही. पाच वर्षं मी हे करत होते? ती मोठ्यानं काही बोलली असावी, शेजारच्या फोनवरच्या पोरीनं वळून बघितलं.

आणि मग तिला रिक्षा आठवली. एक्क्याण्णवची. हे आजवर कधी आठवलं नव्हतं. संध्याकाळ आठवायची, रिक्षा नाही. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि ती उतरली, एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात छोटी, खांद्याला पर्स, काखेत कोट. आई दारातून धावत आली. धावत म्हणजे तिच्या परीनं. दोन्ही हात पुढे करून आली, आणि जवळ येऊन थांबली, कारण धरायला अहिल्याचा हातच मोकळा नव्हता. क्षणभर आईचे हात तसेच राहिले. मग त्यांनी मोठ्या बॅगेची मूठ धरली. "दे, मी घेतो," आई म्हणाली, आणि बॅग घेऊन पुढे झाली, आणि सगळी गल्ली बॅगेमागून आत गेली. त्यानंतरचे तीन आठवडे आईनं काय काय केलं, काय काय खाऊ घातलं... पण हात? निघताना पुन्हा बॅगा. आईनं मला धरलं होतं का त्या खेपेला? कधी? तिनं आठवून पाहिलं, स्वयंपाकघर, मोरी, गच्ची, स्टेशन, आणि कुठेच ते सापडेना.

या वेळी आई दारात येईल तेव्हा तिला काय दिसेल? एक उंचशी आकृती, उजेडाच्या आडची. हात पुढे करेल, चाचपेल. आणि मधे काही नसेल, खोलीत उरलेलं जुनंही नेणार नाही मी. संध्याकाळी माणसं चहाला येतील, 'सहज', आणि आईच्या पदराला किल्ली नसेल, पुकारायला नाव नसेल, आणि आईचं तोंड उतरेल, उतरेलच, तिनं सांगून ठेवलंय सगळ्यांना. आणि मावशी पुन्हा हात मांडीवर घेऊन बसेल, पण या वेळी सगळेच बसतील तसे, मीसुद्धा. काय बोलणार मी त्यांच्याशी? मला बोलता येत नाही त्यांच्याशी. एकोणचाळीस वर्षांची बाई, विचारत बसणार एकेकाला, तुझे गुडघे कसे आहेत... पण आईचे हात, दारातले, ते काही केल्या मागे हटेनात. ते पुढेच होते. ते बॅग शोधत नव्हते.

सतार मधेच खरखरली. पुन्हा सुरू झाली. नवस बोलायला तिच्याकडे देव नव्हता, घरात तो कधीच नव्हता, आणि असता तरी कार्ड चालू दे असा नवस कुठल्या तोंडानं बोलली असती? तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मघाची भीती अजून होती, सगळीच्या सगळी होती, फक्त आता ती मशीन हो म्हणेल याची नव्हती, नाही म्हणेल याची होती. कुणासाठी काही नको. मला हवंय. मला. काही हवं असलं की इतकं दुखतं हे ती विसरून गेली होती, आणि पलीकडून अजून कुणीच बोलत नव्हतं.